भाडं वाढलं, फेऱ्या घटल्या, तरी नवी लाइन सुरू : मग पैसे आहेत की नाहीत?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की तुमच्या भागातल्या बससेवेनं पैसे नाहीत म्हणून भाडं वाढवलं, रात्रीच्या फेऱ्या कापल्या, आणि महिना उलटायच्या आत तिथंच नव्या मेट्रो लाइनचा नारळ फुटला. मग पैसे आहेत की नाहीत? शिवाय दोन पोटप्रश्न, तिकीट सरळ फुकट का करत नाहीत, आणि "मेट्रो नको, आधी बस द्या" म्हणणारे बरोबर आहेत का.

मी वीसेक वर्षं याच कामात आहे, आधी बसचं शेड्यूलिंग केलं, मग भाडं आणि बजेटच्या टेबलावर आलो. तुमच्या भागाचे आकडे माझ्यासमोर नाहीत त्यामुळे तिथला निर्णय चूक की बरोबर ते मी ठरवत बसत नाही, आणि बस कुणाच्या मालकीची, तोटा कोण भरतं, मेट्रोचं कर्ज कुणाच्या नावावर, यावर बरंच काही अवलंबून असतं. पण तुम्हाला जे विचित्र वाटतंय ते जगात जवळपास सगळीकडे घडतं, आणि दर वेळी त्यामागं कुणीतरी पैसे खाल्लेत असं नसतं. (कधीकधी असतंही, तो वेगळा विषय.) बहुतेक वेळा कारण एवढंच की पैशाचे खिसे दोन आहेत आणि ते एकमेकांत उघडत नाहीत.

एक खिसा बांधायच्या पैशाचा, दुसरा चालवायच्या पैशाचा. बांधायला कर्ज मिळतं, केंद्राचं-राज्याचं अनुदान मिळतं, आपल्याकडच्या मेट्रोंना जपानच्या जायकासारख्या परदेशी संस्था लांब मुदतीचं स्वस्त कर्ज देतात, पण त्या कर्जातून उद्या ड्रायव्हरचा पगार देता येत नाही, करारातच तसं असतं. चालवायचा पैसा दर महिन्याला लागतो, पगार, डिझेल किंवा वीज, टायर, सुटे भाग, आणि तो तिकीट, जाहिराती आणि पालिका-सरकार जे काय देईल त्यातून उभा करायचा. अमेरिकेत तर १९९८ च्या कायद्यानं दोन लाखांपेक्षा जास्त लोकवस्तीच्या शहरी भागांना चालवण्यासाठी मिळणारी केंद्राची मदत बंदच केली, बांधायची मात्र चालू ठेवली. यातली गंमत अशी की नव्या लाइनचं उद्घाटन होतं, फोटो येतो, आणि रात्री साडेनऊची फेरी टिकवली म्हणून कुणाचाही फोटो येत नाही.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं कोरडं उत्तर हे, की बांधायला पैसे आहेत, चालवायला नाहीत. पण लोकांना दोन खिसे दिसत नाहीत, त्यांना एकच सरकार दिसतं, आणि त्यांचं काही चुकत नाही.

हाच वाद अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये १९९४ साली थेट कोर्टात गेला होता. तिथल्या वाहतूक प्राधिकरणानं बसभाडं १.१० डॉलरवरून १.३५ डॉलर करायचं आणि ४२ डॉलरचा मासिक पास बंद करायचा ठरवलं, कारण अर्थातच तूट. आणि त्याच सुमारास पासाडेनाला जाणाऱ्या रेल्वेलाइनसाठी १२.३ कोटी डॉलर मंजूर केले. बसचे प्रवासी गरीब, बहुतेक काळे आणि लॅटिनो, रेल्वे जाणार तुलनेनं सुखवस्तू वस्त्यांकडे, मग प्रवाशांच्या संघटनेनं भेदभावाचा दावा ठोकला. १९९६ मध्ये कोर्टात तडजोड झाली, दहा वर्षं भाड्यावर मर्यादा, पास चालू ठेवायचा, बसमधली गर्दी कमी करायची आणि त्यासाठी नव्या बस घ्यायच्या. हे मी एवढ्यासाठी सांगतोय की दोन खिसे ही निसर्गानं घालून दिलेली व्यवस्था नाहीये, ते माणसांनी शिवलेत, आणि दबाव आला की भिंत थोडी सरकते. पण अख्खी पडत नाही, लॉस एंजेलिसमध्येही रेल्वे बांधायचं थांबलं नाहीच.

आता चालवायचा पैसा जातो कुठं ते जरा जवळून बघू, कारण फेऱ्या कापून किती वाचतं याबद्दल बाहेर फार गैरसमज आहेत आणि ऑफिसातही कमी नाहीत.

समजा एक रूट आहे, जाऊन-येऊन, शेवटच्या स्टॉपवरची विश्रांती धरून ६० मिनिटांचा. दर १० मिनिटांनी बस हवी तर ६ बस लागतात. पुढं रस्त्यावर गाड्या वाढल्या, कडेला दुहेरी पार्किंग सुरू झालं, आणि तीच फेरी ७२ मिनिटांची झाली. सहाच बस ठेवल्या तर बस दर १२ मिनिटांनी येणार. दहा मिनिटांचं टिकवायचं तर ७२ भागिले १०, म्हणजे ७.२, अर्धीमुर्धी बस रस्त्यावर सोडता येत नाही म्हणून आठ. सहाच्या आठ झाल्या, गाड्या आणि माणसांचा खर्च एक तृतीयांशानं वाढला, आणि स्टॉपवर उभ्या असलेल्या बाईला एकही जास्तीची फेरी मिळाली नाही. हे सगळं हळूहळू होतं, दरवर्षी दोन-दोन मिनिटं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही आणि मग एक दिवस बातमी येते की तोटा वाढला, कर्मचारी जास्त झालेत. कर्मचारी जास्त नाही झाले हो, बस हळू झाली. म्हणून मी बैठकीत नेहमी सांगतो की बसला वेगळी लेन देणं आणि सिग्नलवर आधी सोडणं ही निधी उभारायची सगळ्यात स्वस्त पद्धत आहे, त्यात नवा कर नाही, नवं कर्ज नाही, फक्त पार्किंगवाल्यांशी भांडायची तयारी लागते आणि तीच कुणाची नसते.

फेरी कापण्याचं गणितही असंच फसवं. ड्युटी आठ तासांची असते. त्यातल्या शेवटच्या दोन फेऱ्या काढल्या तर ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार वाचत नाही, ते डेपोत बसून राहतात, वाचतं ते डिझेल आणि थोडंफार टायर. पगार वाचायचा तर पूर्ण ड्युटी उठायला हवी आणि ती सहसा उठत नाही कारण सकाळच्या गर्दीला तीच माणसं लागतात. तरी कागदावर दिसतं की इतके किलोमीटर कमी केले, प्रति किलोमीटर खर्च इतका, म्हणून बचत इतकी. ही बचत खरी नसते. प्रति किलोमीटर खर्च हा सरासरीचा आकडा आहे, एक किलोमीटर कमी केल्यावर तो अख्खा खिशात येत नाही.

माझ्याच हातून एकदा झालंय हे. रात्री नऊनंतरच्या फेऱ्यांचं ईपीके, म्हणजे किलोमीटरमागं मिळणारं उत्पन्न, सगळ्यात कमी होतं, म्हणून मी एका रूटवरच्या त्या फेऱ्या काढायचा प्रस्ताव दिला आणि तो लगेच पास झाला. तीन-चार महिन्यांनी बघतो तर सकाळच्या फेऱ्यांचं उत्पन्न उतरलेलं. मला वाटलं सुट्ट्यांचा परिणाम असेल. डेपोत गेलो तेव्हा एक जुना कंडक्टर म्हणाला, "साहेब, ती दुकानातली पोरं आता दिसत नाहीत." दुकानं बंद होणार नऊला, परतायला बस नाही, मग ती पोरं सकाळी तरी बसनं कशाला येतील? दोघांत एक बाइक घेतली आणि दोन्ही वेळची तिकिटं गेली. रात्रीच्या बसचं उत्पन्न सकाळच्या बसमध्ये जमा होत असतं, आणि तुमचा तक्ता फेरीनिहाय असेल तर ते कधीच दिसणार नाही. तुमच्याकडे रात्रीच्याच फेऱ्या गेल्यात असं तुम्ही लिहिलंय म्हणून हे जरा लांबवलं.

भाड्याकडे येतो. २० टक्के भाडं वाढवलं की उत्पन्न २० टक्के वाढणार असं गृहीत धरलेली शीट मी कितीदा बघितलीय. जुना ठोकताळा असा आहे की भाडं १० टक्के वाढलं तर साधारण ३ टक्के प्रवासी जातात. ठोकताळाच आहे, गर्दीच्या वेळी कमी जातात, लांब पल्ल्यात कमी, जवळच्या अंतरात जास्त कारण तिथं माणूस चालतो किंवा शेअर रिक्षा पकडतो. पण तोच धरला तर २० टक्के वाढीवर ६ टक्के प्रवासी गेले, १.२० गुणिले ०.९४ म्हणजे १.१२८, म्हणजे उत्पन्नातली वाढ जेमतेम १३ टक्के. हेही पहिल्या वर्षाचं. पुढं लोक गाडी घेतात, घर बदलतात, नोकरी बदलतात, तेव्हा गळती वाढत जाते. आणि भाडं वाढवतानाच फेऱ्याही कमी केल्या तर कोण कशामुळे गेलं हे कुणालाच कळत नाही, तुमच्याकडे बहुतेक तसंच झालंय. माझ्या मते दोन्ही एकदम करू नये, करायचंच असेल तर आधी भाडं वाढवा आणि त्या पैशातून एखादी तरी दिसणारी सुधारणा त्याच दिवशी करा. लोक जास्त पैसे द्यायला तेवढे चिडत नाहीत जेवढे जास्त पैसे देऊन जास्त वेळ थांबायला चिडतात.

मग भाडं वाढवूच नये का? ही दुसरी टोकाची चूक, आणि तिचं सगळ्यात मोठं उदाहरण न्यूयॉर्कचं. तिथली भुयारी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली तेव्हा भाडं ५ सेंट, आणि ते १९४८ पर्यंत ५ सेंटच राहिलं. चव्वेचाळीस वर्षं! मध्ये पहिलं महायुद्ध झालं, महागाई भडकली, पण भाड्याला हात लावणं म्हणजे निवडणूक हरणं असं समीकरण होऊन बसलं. चालवणाऱ्या खासगी कंपन्या डबघाईला आल्या, शेवटी १९४० मध्ये शहरानं त्या विकत घेतल्या. आणि मग १९४८ ला भाडं एकदम दुप्पट, १० सेंट.

आपल्याकडेही हे घडलंय, आणि ताजं आहे. मुंबईत बेस्टनं जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ रुपयांवरून ५ केलं. प्रवासी परत आले, रिक्षा-टॅक्सी सोडून लोक बसकडे वळले, निर्णय लोकांना आवडला. पण पाच रुपयाला धरून ठेवलेलं भाडं आणि वाढणारा खर्च यातली फट पालिकेच्या पैशातून भरायची होती, ती भरताना ओढाताण होत राहिली, ताफा वाढायच्या ऐवजी घटत गेला, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं एका झटक्यात ५ चं १० झालं. मला विचाराल तर स्वस्त भाडं हा यातला दोष नाही. पाच रुपये ठेवायचे असतील तर खुशाल ठेवा, पण फरकाची रक्कम दरवर्षी ठरलेल्या दिवशी येणार हे कायद्यात किंवा करारात बांधून घ्या. स्वस्त तिकीट आणि बेभरवशाचं अनुदान ही जोडी बस सेवेला आतून पोखरते, कारण पैसे कमी पडले की पहिल्यांदा देखभाल पुढं ढकलली जाते आणि ती वर्षभर दिसत नाही.

हाँगकाँगमध्ये यावर एक चांगला तोडगा आहे. २००७ पासून तिथल्या मेट्रोचं भाडं सूत्रानं ठरतं, निम्मा भार महागाई निर्देशांकाचा, निम्मा वाहतूक क्षेत्रातल्या मजुरीचा, त्यातून उत्पादकतेचा एक भाग वजा. दरवर्षी थोडं थोडं बदलतं. राजकारण होत नाही असं नाही, पण दहा वर्षं काहीच नाही आणि मग एकदम दुप्पट, हा प्रकार टळतो. अजून एक बारीक गोष्ट, जी बाहेरच्यांना कळत नाही : सुट्ट्या पैशांमुळे आपल्याकडे बसभाडं पाचाच्या पटीत ठेवायचा मोह होतो, त्यामुळे १० टक्के वाढ करताच येत नाही, पाचाचं दहा नाहीतर काहीच नाही. मोबाइल तिकीट आणि कार्ड जितकं वाढेल तितकी छोट्या वाढीची सोय होईल.

फुकट तिकिटाचं. लक्झेंबर्गनं २०२० मध्ये देशभर सार्वजनिक वाहतूक मोफत केली, रेल्वेचा पहिला वर्ग सोडून. पण तिथं तिकिटातून वर्षाला साधारण ४ कोटी युरो येत होते आणि सेवेचा खर्च ५० कोटींच्या आसपास, म्हणजे बाकीचे नव्वदेक टक्के सरकार आधीच भरत होतं, शेवटचे आठ-नऊ टक्के सोडून दिले. श्रीमंत देश, परवडलं. एस्टोनियाच्या टॅलिननं २०१३ पासून नोंदणीकृत रहिवाशांना प्रवास मोफत केला, आणि त्यात एक हुशारी होती, तिथं रहिवाशाच्या आयकराचा हिस्सा त्याच्या नगरपालिकेला मिळतो, त्यामुळे फुकट प्रवासासाठी लोकांनी शहरात नोंदणी केली आणि पालिकेला कर मिळाला. म्हणजे फुकट चालू शकतं का, तर तिकिटाचा वाटा किती आहे यावर. तुमच्याकडे तिकिटातून खर्चाच्या १० टक्के येत असतील तर जरूर विचार करा, तिकीट छापण्या-तपासण्याचा खर्चही वाचेल. ५० टक्के येत असतील तर फुकट केल्यावर तेवढंच भोक पडणार, आणि गर्दी वाढली म्हणून बस जास्त लागणार त्याचं भोक आणखी वेगळं.

जर्मनीचं बघा, २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने ९ युरोत महिनाभर देशात कुठंही फिरा (लांब पल्ल्याच्या जलद गाड्या सोडून) असं तिकीट काढलं, तुफान चाललं, मग मे २०२३ पासून ४९ युरोचं कायमचं तिकीट आलं, केंद्र आणि राज्यांनी मिळून वर्षाला ३ अब्ज युरो घालायचे. लोक खूश. पण वाटा कुणी किती उचलायचा यावर दरवर्षी भांडण, आणि किंमत २०२५ ला ५८ झाली, २०२६ ला ६३. मला त्या तिकिटातली स्वस्ताईपेक्षा वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे एकच तिकीट सगळ्या गावांत, सगळ्या कंपन्यांत चालतं. हॅम्बुर्गनं १९६५ मध्येच वेगवेगळ्या वाहतूक कंपन्यांची एक संघटना करून एक तिकीट, एक वेळापत्रक आणलं होतं, जर्मनीतल्या बाकी प्रदेशांनी पुढं तेच उचललं. आपण गाडी बदलली की दुसरं तिकीट काढायला लावतो, म्हणजे माणसाला एक तर उतरायचा त्रास आणि वर दंड.

इथवरचं एका दमात सांगायचं तर : पैसे बांधायला आहेत चालवायला नाहीत, फेऱ्या कापून कागदावर दिसतं तेवढं वाचत नाही, आणि भाडं वाढवून धरलं तेवढं येत नाही. आता नव्या लाइनबद्दल.

नवी लाइन म्हणजे भेट मिळालेला हत्ती असं आमच्यातले काही जण म्हणतात. हत्ती कामाचा असतो, पण चारा रोज लागतो. ज्या दिवशी लाइन सुरू होते त्या दिवसापासून वीज, ड्रायव्हर, स्टेशनचे कर्मचारी, सफाई, सरकते जिने, सगळं चालवायच्या खिशातून, म्हणजे त्याच खिशातून ज्यात आधीच पैसे नाहीत. पहिली दहा-पंधरा वर्षं सगळं नवं असतं म्हणून देखभाल कमी लागते आणि आकडे छान दिसतात. मग डबे, सिग्नल, रूळ बदलायची वेळ येते. न्यूयॉर्कमध्ये १ जानेवारी २०१७ ला सेकंड ॲव्हेन्यू लाइनचा पहिला टप्पा उघडला, तीन नवी स्टेशनं, खर्च साधारण साडेचार अब्ज डॉलर, जगातल्या सगळ्यात महाग कामांपैकी एक. त्याच वर्षी जूनमध्ये जुन्या जाळ्यावर इतके बिघाड आणि उशीर व्हायला लागले की गव्हर्नरला भुयारी रेल्वेसाठी आणीबाणी जाहीर करावी लागली. सहा महिन्यांत दोन्ही.

वॉशिंग्टनची मेट्रो १९७६ ला सुरू झाली, ती तीन राज्यकारभारांत पसरलेली, राजधानीचा जिल्हा, मेरीलँड आणि व्हर्जिनिया. तिला स्वतःचा असा कर नव्हता, दरवर्षी तिघांच्या दारात जाऊन मागायचं. मार्च २०१६ मध्ये केबलना आग लागण्याच्या भीतीनं अख्खी मेट्रो एक दिवस बंद ठेवून तपासावी लागली. त्यानंतर कुठं २०१८ मध्ये तिघांनी मिळून दरवर्षी ५० कोटी डॉलर भांडवली, म्हणजे बांधायच्या-बदलायच्या, कामांना द्यायचं कबूल केलं. प्रादेशिक सेवेचं दुखणं कायम हेच, प्रवासी हद्द ओलांडतो, पैसा ओलांडत नाही. लंडनमध्ये १९८१ साली भाडं सरासरी ३२ टक्क्यांनी कमी केलं आणि त्यासाठी सगळ्या भागांवर जादा कर लावला, तेव्हा ब्रॉमली नावाचा बाहेरचा भाग कोर्टात गेला, त्यांच्याकडे भुयारी रेल्वे नव्हतीच, मग आम्ही का भरायचं? वरिष्ठ न्यायालयानं डिसेंबरमध्ये योजना बेकायदा ठरवली, मार्च १९८२ मध्ये भाडं जवळपास दुप्पट झालं, प्रवासी गळाले. ब्रॉमलीवाल्यांचं मला अर्धं पटतं. सेवा न देता वर्गणी मागितली की असं होणार.

मग चालवायचा पैसा जगात कुणी कसा उभा केला? फ्रान्सनं १९७१ मध्ये पॅरिस भागात मालकांवर पगाराच्या टक्केवारीत वाहतूक कर लावला, १९७३ पासून तो इतर शहरांनाही लावता आला, आज अकरा किंवा जास्त कर्मचारी असलेले मालक तो भरतात. युक्तिवाद सरळ, कामगार वेळेवर पोचले याचा फायदा मालकाला, तर त्यानंही भरावं. आणि हा पैसा चालवायलाही वापरता येतो, म्हणून मला तो सगळ्यात आवडतो. हाँगकाँगची मेट्रो स्टेशनवरच्या आणि आसपासच्या जागांचा विकास करून पैसे मिळवते, लाइन आल्यावर जमीन महागते ती महागाई तिच्याच खिशात. हे ऐकून आपल्याकडे प्रत्येक डीपीआरमध्ये, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालात, 'जमिनीतून उत्पन्न' असा एक मोठा आकडा टाकतात, पण हाँगकाँगमध्ये जमीन सरकारची, ती लाइन बांधायच्या आधीच्या भावानं मेट्रोला मिळते. जमीन आधीच बिल्डरांच्या हातात गेली असेल तर तुमच्याकडे त्या आकड्याला अर्थ नाही. लंडननं क्रॉसरेल या नव्या रेल्वेलाइनसाठी २०१० पासून मोठ्या व्यापारी मालमत्तांवर करपात्र मूल्याच्या पौंडामागं २ पेन्स जादा कर लावला, तोही चालला, पण लाइन डिसेंबर २०१८ ऐवजी मे २०२२ ला उघडली आणि मधल्या काळात तिच्या तिकिटाचं धरलेलं उत्पन्न आलं नाही, ते भोक बाकीच्या सेवेला सोसावं लागलं. न्यूयॉर्कनं जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या गर्दीच्या भागात शिरणाऱ्या गाड्यांवर ९ डॉलर लावले, चांगली गोष्ट आहे, पण गंमत बघा, तो पैसाही कायद्यानं भांडवली कामांनाच जातो. पुन्हा पहिलाच खिसा.

"मेट्रो नको, बस द्या" हे बरोबर आहे का? किती माणसं न्यायची त्यावर. एका बसमध्ये ६५ माणसं धरली आणि मिनिटाला एक बस सोडली तर तासाला ३,९०० झाली. साध्या रस्त्यावर याच्या फार वर जाता येत नाही, स्टॉपवर बस एकामागं एक तुंबतात. तुमच्या रस्त्यावर मागणी तेवढीच असेल तर मेट्रो हा महागडा हट्ट आहे, चांगली लेन आणि दुप्पट बस घ्या, दोन वर्षांत काम होईल. तासाला वीस हजार माणसं एका दिशेनं जात असतील तर लेन रंगवून भागणार नाही, रेल्वे पाहिजे, किंवा कोलंबियातल्या बोगोटा शहरासारखी बसला दोन-दोन लेन आणि बंद स्टेशनं देणारी व्यवस्था पाहिजे, तिनं गर्दीच्या मार्गावर तासाला चाळीस हजारांच्या वर माणसं नेलीत. पण त्यासाठी गाड्यांचा अर्धा रस्ता काढून घ्यावा लागतो, आणि ते करायची हिंमत नसते म्हणून बऱ्याच ठिकाणी लोक जमिनीखाली जातात. मेट्रोच्या खर्चात एक मोठा भाग रस्त्यावरच्या गाड्यांना हात न लावण्याची किंमत असतो, हे कुणी डीपीआरमध्ये लिहीत नाही.

आणि मेट्रो आली तरी बस लागतेच. बहुतेक लोक स्टेशनपासून चालत जायच्या अंतरावर राहत नाहीत. मी असं बघितलंय की नवी लाइन सुरू झाली म्हणून तिला समांतर बस काढल्या, ते एकवेळ ठीक, पण वाचलेल्या बस फीडरला, म्हणजे स्टेशनपर्यंत ने-आण करायला, न लावता भंगारात काढल्या. मग आधी एका बसनं एका तिकिटात जाणारा माणूस आता रिक्षा, मेट्रो, परत रिक्षा असं जातो आणि मेट्रोवाले म्हणतात प्रवासी का येत नाहीत.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे आणि तिथं काय बोलायचं. "पैसे कुठं गेले" असं विचारू नका, त्याला उत्तर तयार असतं, खिसे वेगळे आहेत, संपलं. त्याऐवजी नव्या लाइनच्या अकराव्या वर्षीचा चालवायचा आणि दुरुस्तीचा खर्च किती धरलाय आणि तो कुणाच्या खिशातून येणार, पालिका की राज्य, ते लेखी मागा. बसच्या कापलेल्या फेऱ्यांमधून प्रत्यक्षात किती ड्युट्या कमी झाल्या ते विचारा, किलोमीटर नव्हे, ड्युट्या. शून्य असं उत्तर आलं तर फेऱ्या परत मागायला तुम्हाला भक्कम मुद्दा मिळाला. बस-मेट्रोचं एक तिकीट लाइनच्या पहिल्या दिवसापासून असणार का तेही विचारा, "पुढच्या टप्प्यात" म्हणाले की समजा नसणार.

आणि नव्या लाइनच्या डीपीआरमध्ये प्रवासीसंख्येचा अंदाज ज्या प्रकरणात आहे ते पान काढून बघा. त्यात फीडर बस दर किती मिनिटांनी येईल असं धरलंय ते कुठंतरी एका ओळीत लिहिलेलं असतं. मग आठवडाभर संध्याकाळी तुमच्या स्टॉपवर घड्याळ लावून उभे राहा, बस किती मिनिटांनी येते ते वहीत मांडा, आणि सुनावणीला दोन्ही आकडे घेऊन जा.